गुरुवार रिकामा गेला

भावोजी, काल गुरुवार होता आणि तुमचं काही आलं नाही.

येणार नव्हतंच, हे मला ठाऊक होतं. तरी सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. चहा उतू गेला, आमटीत मीठ पडलं नाही. कारण ठाऊक होतं ते मला एकटीला. तुमच्या अण्णांना, म्हणजे आमच्या ह्यांना, नव्हतं. ते पडवीत आंब्याच्या पेट्या भरत बसले होते. नऊ वाजत आले तसे हात पुसून उठले, खुर्ची भिंतीला लावली, फोन काढला आणि नेटवरचं तुमचं आवाजांचं पान उघडून बसले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देतोय, मी सांगतेय की अहो तो थांबलाय, पण हे हलायला तयार नाहीत. एकदा वर सरकवून बघ, एकदा बंद करून परत उघड. शेवटी मला हाक मारून विचारलं, नेट नाही काय गो आज? मी म्हटलं, नसेल. लायनीचं काम चाललंय म्हणे. तोंडातून निघून गेलं. मग तुमचे अण्णा उठून शेजारी जाऊन आले, त्यांच्याकडे नेट चालू आहे का बघायला. परत आले ते पेट्या भरायला बसले. मी दिवसभर त्यांच्यासमोर जायचं टाळत राहिले.

हे सगळं तुमच्यामुळे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलेय. एका घरात पंचवीस वर्षं दीर-भावजय म्हणून भांडलो, तेव्हा तुमच्याशी दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायचं ते मला येत नाही. डावा हात दुखतोय, छाती भरून येतेय, हे सांगायला तुम्हाला तोंड नव्हतं. आणि विहिरीत रिकामी कळशी आपटल्याचा आवाज मात्र अख्ख्या जगाला ऐकवायचात. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातून तुम्हाला थेट गाडीतच घातलं, आणि इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचला नाहीत. मी त्या दिवशी तुमच्यासाठी घावने करून ठेवले होते. असो. ते आता काढत नाही.

तुमच्या त्या संगीताला संगीत म्हणायचं की नाही, यावर आपलं जे चालायचं ते वाडीत सगळ्यांना पाठ होतं. माडीवरच्या खोलीत दार लावून बसायचात. ॲम्बियंट म्हणतात याला वहिनी, असं मला समजावायचात, शाळेतल्या मास्तरासारखं तोंड करून. मी म्हणायचे, नाव काहीही द्या, पण यात चाल कुठे आहे? ताल कुठे आहे? सुरू कधी झालं आणि संपलं कधी, ते तरी कळू द्या. तुमचे अण्णा तर सरळ म्हणायचे, बाब्याचा भुंगा सुरू झाला. खरं म्हणजे भुंगाच होता तो. दुकानात लोक पंखे, मिक्सर दुरुस्तीला टाकून जायचे आणि तुम्ही ते दुरुस्त करायच्या आधी त्यांचा आवाज रेकॉर्डरवर धरून ठेवायचात. घरघर करणारा पंखा आला की तुमचा चेहरा उजळायचा. वाडीतल्या काकींचा टेबलफॅन तर तुम्ही हट्टाने तसाच परत दिलात. काकी, हा सूर पुन्हा मिळायचा नाही, राहू दे की असाच, म्हणालात. त्या भर बाजारात तुमच्यावर कडाडल्या. माणसाला घाम सुकवायला वारा हवा असतो, सूर नको असतो. मी घरी येऊन पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी पंखा नीट करून दिलात, पण त्याआधी पुन्हा एकदा त्याचा आवाज घेतलातच.

आणि माझी पेटी. ती भजनी मंडळाची पेटी, माझ्या हातातली. तिच्यावर हात टाकायला मी कुणाला देत नाही. तुम्ही एक दिवस ती माडीवर नेलीत, अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा घडी घालून एका पट्टीत, ती दाबलेलीच राहील असा, खोचलात आणि मला म्हणालात, वहिनी, तुम्ही फक्त भाता घाला, बोटं पट्टीवर ठेवू नका. आयुष्य पेटीवर गेलं माझं, आणि मला सांगतायत बोटं ठेवू नका. पण बसले. का बसले, देव जाणे. बांगड्या काढून ठेवायला लावल्यात, पंखा बंद, खिडकी बंद, आणि त्या उकाड्यात मी नुसता भाता घालतेय. एकच सूर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आधी वैताग आला. मग कुठे तरी मध्येच बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली आणि सकाळच्या भजनाची दोन ओळींची चाल वाजून गेली. माझं मलाच कळलं नाही. पण पुढच्या गुरुवारी ऐकलं तर ती चाल गायब. कापून टाकलेली.

त्यावरून मी तुमच्याशी बोलायची बंद झाले. ताट वाढायचे, बोलायचे नाही. शेवटी तुम्हीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिलात.

"वहिनी, चूक म्हणून नाही कापली. चाल आली की माणूस चालीच्या मागे जातो. मग पेटी ऐकत नाही कुणी."

मी म्हटलं, मग पेटी असते कशाला? तुम्ही हसलात आणि आमसुलाच्या बरणीतलं एक तोंडात टाकून गेलात. ते भांडण तिथेच राहिलंय. अजून माझं म्हणणं तेच आहे, सांगून ठेवते.

पण मी रोज ऐकायचे, हेही सांगते. तुम्हाला कधी कळू दिलं नाही. दुपारी भांडी घासून झाली की ओट्यावर फोन ठेवून लावायचे. सड्यावर, वरच्या उघड्या माळावर, कातळात पाणी आटत जातं तेव्हाचा तो एक होता ना, वाऱ्याचा, गवत वाळल्याचा? तो लावला की माझे पाय दुखायचे थांबायचे. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चेकाळला असतात, म्हणून सांगितलं नाही. कुठल्या परदेशातली कोण बाई लिहायची की तिचं बाळ तुमच्या आवाजावर झोपतं. तुम्ही ते मला तीनतीनदा वाचून दाखवलंत. मी म्हटलं, ऐकणारे झोपतात यात कौतुक ते काय? तेव्हा सांगायला हवं होतं. राहून गेलं.

तुम्ही गेलात ते शिमग्याच्या तोंडावर. घरात सुतक, त्यामुळे पालखी आपल्या अंगणात न येता पुढे गेली. ढोल जवळ आले, दारावरून गेले, लांब गेले. दरवर्षी तुम्ही पालखीत नाचायचं सोडून त्या सड्यावर जाऊन उभे राहायचात, ढोल लांबून कसे येतात ते धरायला. त्या दिवशी घरात सगळे मान खाली घालून बसले होते आणि मला नुसतं वाटत होतं की तुम्ही आता माडीवरून ओरडणार, वहिनी, जरा गप्प राहा सगळे.

आणि त्याच आठवड्यात, दहावं व्हायच्या आधी, गुरुवारी सकाळी तुमचं नवीन आलं.

मुंबईच्या चुलत नणंदेचा फोन. तिने म्हणे तुमचं पान फोनवर लावून ठेवलं होतं, त्यावर काहीतरी वाजलं. कडक आवाजात विचारते, वहिनी, सुतकात पेटी वाजवताय तुम्ही? मला आधी काही कळेचना. मग ऐकलं तर खरंच, पेटीचाच सूर, तो पुठ्ठा खोचलेला. मी रडावं की हसावं ते सुचेना. मग लक्षात आलं. पावसाळ्यात दुकानाला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तुम्ही ढीगभर करून ठेवायचात आणि एकेक गुरुवारची तारीख घालून टाकायचात, म्हणजे त्या दिवशी ते आपोआप पानावर यायचं. उन्हाळ्यात पंखे, कूलर यांच्या दुरुस्तीतून डोकं वर काढायला मिळत नाही म्हणून. आम्ही बायका उन्हाळ्यात पापड-सांडगे घालून पावसाळ्याची बेगमी करतो, तुमची उलटी बेगमी. ती तुमच्या मागेही चालू राहिली होती.

नणंदेला काय सांगणार? तिचं म्हणणं होतं, ते ताबडतोब बंद करा, लोक काय म्हणतील. मी फोन अण्णांकडे दिला. तुम्ही गेल्यापासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुतक आपल्याला आहे. त्याला कुठे आहे?" आणि फोन ठेवला.

तेव्हा मला बरं वाटलं. नंतर भीती वाटायला लागली.

कारण त्या दिवसापासून अण्णांनी गुरुवार धरला. तुम्ही असताना ज्यांनी कधी एक धड पूर्ण ऐकलं नाही, ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, नऊ वाजता फोन घेऊन बसायला लागले. भर हंगामात. माणसं कामाला आलेली, माल जायचा, आणि हे डोळे मिटून बसलेले. संपलं की मला सांगायचे, आज विहीर होती. आज कसला तरी पत्रा होता. एकदा म्हणाले, बाब्या आज खुशीत दिसतोय. दिसतोय म्हणाले, भावोजी. होता नाही म्हणाले. मी पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेले. तुमचं नाव घेऊन ते 'गेला' असं एकदाही बोललेले नाहीत, अगदी तेराव्यालाही नाहीत. लोक भेटायला यायचे, हे त्यांना बागेचं सांगत बसायचे. आणि गुरुवार आला की ताजेतवाने. मला कळत होतं की हे बरं नाही, आणि मला ते मोडवतही नव्हतं.

मग सोळा-सतरा दिवसांपूर्वी न राहवून मी माडीवर गेले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. तुमचा लॅपटॉप उघडला, तुम्ही मला दाखवलं होतं तसं पान काढलं आणि पुढच्या तारखांचं बघितलं. दोन उरले होते, बस. मी तिथेच जमिनीवर बसले. एवढे दिवस आपण असे काही जगत होतो की ते संपायचंच नाही. खाली अण्णा मला हाका मारत होते, सुतळी कुठे ठेवलीस म्हणून. मी खाली जाऊन सुतळी काढून दिली. सांगितलं नाही.

शेवटचा आला तो मागच्या गुरुवारी. तुमच्या मनात काय होतं ते विचारायला आता तुम्ही नाही. त्यात सूरच नव्हता. आधी मला वाटलं समुद्र आहे. मग वाटलं कुणीतरी झोपलंय. आणि मग मध्येच बांगड्या वाजल्या. माझ्या. पट्ट्या सगळ्या बंद ठेवून नुसता भाता घातलाय मी, हवा आत येतेय, हवा बाहेर जातेय. मला आठवलं, मागाहून पुन्हा एकदा वर बोलावलं होतंत, तेव्हा बांगड्या काढू का विचारलं होतं, तर तुम्ही नको म्हणाला होतात, फक्त मशीन चालतं का बघतोय म्हणून. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीही ओळखल्या. तेव्हा मी तिथे थांबले नाही. जाऊन तुळशीत तांब्याभर पाणी ओतत बसले.

भावोजी, माझं तुमच्याशी नातं काही फुलापानांचं नव्हतं. या घरात आले तेव्हा तुम्ही मला पहिलं वाक्य बोललात ते म्हणजे, वहिनी, तुमच्या पैंजणांचं एक घुंगरू फुटकं आहे. तेव्हापासून तुम्ही माझे कान आणि मी तुमचं तोंड. तुमच्यामुळे मला या घराचे आवाज कळले. जिना कुठे बोलतो, नळ कुठल्या सुरात गळतो, अण्णा चिडले की ताट कसं ठेवतात. लोकांना वाटतं ती माझी काळजी, माझा स्वभाव. मला तुम्ही शिकवलंत ते. याबद्दल आभार मानायचे असतात हे मला कळतं. मी मानतेय.

तर कालचा गुरुवार. तुमच्या अण्णांना रात्रभर झोप नव्हती, कूस बदलत होते. मी पडल्या पडल्या ठरवलं. एक आपणच करायचं. तुमचंच म्हणून, तुमच्या नावाने, पुढच्या गुरुवारची तारीख घालून. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फसवणूक आहे ती, मला कळत नाही असं नाही. पण त्या परदेशातल्या बाईच्या बाळाला काय फरक पडणार? आणि ज्यांना पडणार त्यांना तो रिकामा फोन बघत बसलेलं मला पुन्हा बघवणार नव्हतं.

आज दुपारी अण्णा बागेकडे निघालेले बघून मी पेटी घेऊन माडीवर गेले. वाऱ्याची घरघर लागू नये म्हणून तुमच्या रेकॉर्डरला तुम्ही घातलेला माझा जुना लोकरी मोजा अजून तसाच आहे. खिडकी लावली, पंखा बंद केला, पुठ्ठा खोचला, तुम्ही शिकवलंत तसं बटण दाबलं. आणि डोळे मिटून भाता घालत बसले. खोटं सांगत नाही, चाल वाजवायची मला आज इच्छाच झाली नाही. एकच सूर. तो थांबवायची वेळ येईल तेव्हा काय, हे मनात येत होतं म्हणून मी थांबतच नव्हते. हात भरून आला तेव्हा थांबले.

मग तुमचे ते मोठे हेडफोन कानाला लावून ऐकायला बसले. सूर बरा आला होता. तुमच्यासारखा नाही, पण बरा. आणि मग त्याच्या मागे, खालून, जिना वाजायला लागला.

मी वाजवत असताना मला काही ऐकू आलं नव्हतं. तुमच्या मशीनने धरलं. एक पायरी, मग घासत येणारा पाय. आंब्यावरून पडल्यापासून अण्णांचा उजवा पाय घासतो, ते तुम्हाला कशाला सांगायला हवं. पायरी, घासलेला पाय. पायरी, घासलेला पाय. वर येऊन दारापाशी थांबले. मी वाट बघत बसले की आता परत उतरल्याचं येईल. आलंच नाही. सूर शेवटपर्यंत वाजत राहिला, मी थांबवला, बटण बंद झालं. उतरल्याचा आवाज कुठेच नव्हता.

मी हेडफोन काढून दार उघडलं.

अण्णा वरच्या पायरीवर बसले होते, भिंतीला डोकं टेकून. सदऱ्याला पेट्यांतला पेंढा चिकटलेला. बागेत गेलेच नव्हते. पेटी माझ्या मागे तशीच उघडी, पुठ्ठा पट्टीत तसाच, लॅपटॉपवर तुमचं पान. काय चाललंय ते लहान मुलालाही कळलं असतं. मी म्हटलं, गुरुवारचं करत होते. त्यांनी मान हलवली. कधीपासून बसलाय विचारलं तर म्हणाले, सुरुवातीपासून. मी उंबऱ्यात बसले, त्यांच्या पाठीशी.

"त्याचं नाव नको घालू ह्याच्यावर," अण्णा म्हणाले. "बाब्या गेला गो."

आणि मग ते रडले, भावोजी. तुमच्यासाठी, पहिल्यांदा. जिन्यात, भर दुपारी, मोठ्याने, वाडीला ऐकू जाईल असे. मी पाठीवर हात ठेवून बसले. खाली माल न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मी त्याला ओरडून परत पाठवला.

कितीतरी वेळाने त्यांनी सदऱ्याने तोंड पुसलं आणि आत पेटीकडे बघितलं. म्हणाले, "तुझं नाव घाल. मी ऐकीन."